मतं मिळाली म्हणून पक्ष लोकशाहीत बसतो का? (जर्मनीतल्या एएफडीच्या निमित्ताने)

सालेकाठची | ५ जुलै २०२५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसले.

मी येनात राहते. जर्मनीच्या पूर्वेकडच्या थ्युरिंगिया राज्यात साले नदीच्या काठी हे गाव आहे. २०१४ साली शिकायला आले, इथेच नोकरी लागली आणि २०२३ मध्ये इथलं नागरिकत्व घेतलं. भारतीय पासपोर्ट परत दिला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. पण जिथे राहतो, कर भरतो, तिथे मत देता यायला हवं असं फार वाटायचं.

या फेब्रुवारीत संसदेची निवडणूक झाली, तेव्हा मी मतदान केंद्रावर मदतनीस म्हणून नाव दिलं. इथे मतदान कागदावर होतं. प्रत्येकाला दोन मतं असतात. डावीकडे काळ्या अक्षरांत उमेदवार, उजवीकडे निळ्या अक्षरांत पक्ष. संध्याकाळी सहा वाजले की पेटी टेबलावर पालथी करायची आणि एकेक मतपत्रिका उलगडत पक्षवार ढीग लावायचे. दार उघडंच असतं, कुणीही येऊन मोजणी बघू शकतं. शाळेचा वर्ग होता, टेबलं बुटकी. एएफडीचा ('जर्मनीसाठी पर्याय' नावाचा कडवा उजवा पक्ष) ढीग इतका वाढला की एका बाजूला कलंडायला लागला. तो माझ्यासमोरच होता. मी दोन्ही हातांनी सावरला आणि कडा जुळवून परत रचला. त्यातलं एकही मत इकडचं तिकडे झालं नाही. घरी आले आणि मग मात्र रडू आलं.

थ्युरिंगियात या पक्षाला ३८.६ टक्के मतं पडली. देशात २०.८ टक्के, ६३० पैकी १५२ जागा, म्हणजे संसदेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष. २०१३ मध्ये युरोला विरोध करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी काढलेला पक्ष बारा वर्षांत इथवर आला. २ मे रोजी जर्मनीच्या संविधान संरक्षण खात्याने (हे देशांतर्गत गुप्तचर खातं) त्याला 'निश्चित अतिउजवा' ठरवलं. पक्षाने हे अमान्य करून कोर्टात धाव घेतली, तेव्हा निकाल लागेपर्यंत खात्याने तो शिक्का स्थगित ठेवला. आणि मागच्या रविवारी एसपीडीच्या (सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या) अधिवेशनात बंदीच्या अर्जाची तयारी करायचा ठराव झाला.

माझ्या मजल्यावर एक आजी राहतात. मी भारतात गेले की माझ्या कुंड्यांना पाणी घालतात, माझी पार्सलं घेऊन ठेवतात. त्यांनी एएफडीला मत दिलं, हे त्यांनीच मला जिन्यात सांगितलं.

तर माझा प्रश्न: असा पक्ष लोकशाहीत वैध मानायचा का? माझं मत आधी सांगते. निर्वासित कमी घ्या, युरो नको, पवनचक्क्या नकोत, हे म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, मला कितीही राग आला तरी. पण नागरिकांत अस्सल आणि कागदोपत्री असे दोन प्रकार पाडायला निघालेला पक्ष नुसत्या मतांच्या जोरावर वैध होत नाही, असं मला वाटतं. बंदीचा निर्णय सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने तपासून घ्यावा. तुम्हाला काय वाटतं?

हेमांगी_ठाणे

वाखुसा (वाचनखूण साठवली). ढिगाचा प्रसंग वाचून गलबलून आलं. जाणकारांच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

जुना_वकील

ताई, तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. कायद्याने वैध आहे का, आणि तत्त्वाने वैध आहे का.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. आज तो पक्ष वैध आहे. जर्मनीत घटनेला 'मूलभूत कायदा' म्हणतात, त्याचं कलम २१ पक्षांबद्दल आहे. जो पक्ष आपल्या उद्दिष्टांमुळे किंवा अनुयायांच्या वागण्यामुळे मुक्त लोकशाही व्यवस्था खिळखिळी करू किंवा मोडू पाहतो, तो घटनाविरोधी. पण हे ठरवायचा अधिकार एकट्या कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाला आहे. अर्ज फक्त संसदेचं कनिष्ठ सभागृह, राज्यांचं सभागृह किंवा केंद्र सरकार करू शकतं, आणि पीठातल्या आठपैकी सहा न्यायाधीशांचं एकमत लागतं.

आजवर दोनच पक्षांवर बंदी आली. १९५२ मध्ये नाझींचा वारसा सांगणाऱ्या एसआरपीवर आणि १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर. म्हणजे हे हत्यार एकाच बाजूला चाललेलं नाही. एनपीडी या नवनाझी पक्षाविरुद्धचा खटला २००३ मध्ये कोसळला, कारण पक्षाच्या नेतृत्वातच सरकारी खबरे बसले होते. मग पक्षाचं म्हणणं कुठलं आणि खबऱ्याचं कुठलं? २०१७ मध्ये दुसऱ्या खटल्यात न्यायालय म्हणालं, उद्दिष्टं घटनाविरोधी आहेत, पण ती तडीस नेण्याइतकी या पक्षात ताकद नाही, म्हणून बंदी नाही. त्यानंतर घटनादुरुस्ती होऊन अशा पक्षांचा सरकारी निधी तोडायची सोय झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच पक्षाचा निधी सहा वर्षांसाठी बंद केला गेला.

यातला पेच बघा. लहान पक्षावर बंदी नाही, कारण तो लहान. मोठ्यावर घालायची तर कोट्यवधी मतदारांच्या डोळ्यांदेखत.

स्पष्टवक्ता_नगर

एक कोटीहून जास्त लोकांनी मत दिलंय, विषय संपला. लोकशाहीत मतदार मालक असतो. मालकाने कुणाला कामावर ठेवायचं हे कारभारी ठरवायला लागला तर त्याला लोकशाही म्हणायचं का?

आणि ते खातं कुणाच्या हाताखाली आहे? गृहमंत्र्यांच्या. २ मेला जाहीर केलं आणि ६ मेला नवं सरकार आलं. जाणाऱ्या सरकारच्या गृहखात्याने सर्वांत मोठ्या विरोधी पक्षावर शिक्का मारायचा, हे तुम्हाला खटकत नाही? उद्या हेच तंत्र दुसऱ्या कुणी तुमच्या आवडत्या पक्षावर वापरलं तर? मला एएफडीचं प्रेम नाही. पण प्रतिस्पर्ध्याला मैदानाबाहेर काढून जिंकायचं, ही कुस्ती नव्हे.

पश्या

+१ नगरकर. शेवटचं वाक्य जबरी.

हेमांगी_ठाणे

पण नगरकर, कुस्तीतही काही डाव बाद असतातच की. बाद डाव टाकणाऱ्याला पंच बाहेर काढतो, समोरचा पैलवान नाही. ताई पंचाकडे जा म्हणताहेत.

श्टुटगार्टकर_काका

मी २००१ मध्ये इथे आलो, ग्रीन कार्डवर. अमेरिकेचं नाही, जर्मनीचं. संगणकवाल्यांची टंचाई म्हणून श्रोडर सरकारने ऑगस्ट २००० पासून वीस हजार जणांसाठी काढलेली योजना होती. त्याआधी काही महिने नोर्डऱ्हाइन-वेस्टफालेनच्या निवडणुकीत सीडीयू या मध्यम-उजव्या पक्षाच्या युर्गेन रुटगर्स यांचा प्रचार 'किंडर श्टाट इंडर' म्हणून गाजला. म्हणजे भारतीयांऐवजी आपली मुलं. ती निवडणूक ते हरले, पण २००५ मध्ये त्याच राज्याचे मुख्यमंत्री झाले. सांगायचा मुद्दा, आमच्याविरुद्धची घोषणा कुठल्या काठावरच्या पक्षातून आली नव्हती. चांगल्या मध्यममार्गी घरातून आली होती.

आणि ऑगस्ट २००७ मध्ये सॅक्सनीतल्या म्युगेलनला गावजत्रेत आठ भारतीयांचा जमावाने पाठलाग केला. ते एका पिझ्झेरियात लपले म्हणून वाचले. एएफडी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. ती बातमी आली त्या आठवड्यात आईचे मुंबईहून रोज फोन. मी तिला सांगायचो, अगं आमचं श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे, इथे काही होत नाही. तिची समजूत पटायची नाही.

म्हणून मला भीती अशी वाटते की एक पक्ष बंद केला की बाकीचे हात झटकून मोकळे होतील. विष त्या बाटलीतच होतं असं म्हणतील.

दीपक_डुसेलडॉर्फ

काका, आदर ठेवून असहमत. माझ्या ओळखीचे कितीतरी भारतीय खासगीत म्हणतात की एएफडीचे काही मुद्दे बरोबर आहेत. आपण शिकून, व्हिसा काढून, भाषा शिकून आलो. आपण कुणाचं खात नाही. त्यांचा राग बेकायदा येणाऱ्यांवर आहे. गेल्या डिसेंबरात माग्देबुर्गच्या ख्रिसमस बाजारात गाडी घुसवली त्यात सात भारतीयही जखमी झाले. माझी बायको तेव्हापासून मुलीला गर्दीच्या बाजारात नेत नाही. ही भीती बोलून दाखवणारा प्रत्येक जण नाझी नाही. बंदी घातली की ही भीती बोलायची जागाच जाईल.

सालेकाठची

दीपकदादा, तुमच्या घरातली भीती मी खोटी ठरवणार नाही. ती बोलायलाच हवी, आणि बाकीच्या पक्षांनी ती वेळेवर ऐकली नाही, हेही खरं.

पण 'त्यांचा राग आपल्यावर नाही' इथे थांबा. खात्याने मे महिन्यात जे मुख्य कारण दिलं ते निर्वासितांबद्दलच्या धोरणाचं नव्हतं. कारण असं होतं की या पक्षात 'जनता' म्हणजे काय, याची कल्पना वंशावर उभी आहे. ज्याचे आईबाप जर्मन तो खरा जर्मन, पासपोर्टवाला तेवढ्यापुरता. २०१७ च्या एनपीडी निकालात न्यायालयाने हाच धागा पकडला होता, की रक्तावर आधारलेली जनता मानली की बाकीच्यांच्या मानवी प्रतिष्ठेला बाधा येते, आणि प्रतिष्ठा हे घटनेचं पहिलं कलम आहे. पक्ष म्हणतो, आम्ही सगळ्या नागरिकांना समान मानतो. मग खरं काय, ते पुराव्यानिशी ठरू दे.

तुमच्या मुलीचा जन्म इथला असेल. ती शाळेत जर्मन कविता म्हणत असेल. या हिशेबात ती कोण, एवढाच माझा प्रश्न आहे. कर आपण भरतो, म्हणून आपण चालतो, हे मला पुरत नाही. नोकरी गेली तर?

दीपक_डुसेलडॉर्फ

मुलगी इथलीच. विचार करतो. लगेच उत्तर देत नाही.

रेवतीची_आई

मी या विषयातली नाही. माझा धाकटा ऑक्टोबरमध्ये इल्मेनाउला शिकायला चाललाय. नकाशात पाहिलं तर तेही थ्युरिंगियातच. हा धागा वाचून पोटात गोळा आला. त्याच्या वडिलांना अजून दाखवला नाही. तिथे राहणाऱ्यांनी खरं खरं सांगावं, पाठवू ना?

पश्या

एक मुद्दा राहिलाच. हिटलरसुद्धा निवडूनच आला होता ना?

इतिहासवेडा

हे वाक्य प्रत्येक चर्चेत येतं आणि ते अर्धवट आहे.

जुलै १९३२ मध्ये नाझींना ३७.३ टक्के मतं होती. नोव्हेंबरमध्ये ती ३३.१ वर घसरली. मुक्त निवडणुकीत त्यांना बहुमत कधीच मिळालं नाही. ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने हिटलरला चॅन्सलर नेमलं, कारण फॉन पापेनसारख्या मुरलेल्या उजव्या पुढाऱ्यांना वाटलं, याला आपण खिशात ठेवू. मार्चमध्ये दहशतीच्या छायेत निवडणूक झाली तरी ४३.९ टक्केच. मग २३ मार्चला सगळे अधिकार सरकारला देणारा कायदा आला. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा परागंदा होते. सभागृहात एसएचे, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाचे, गणवेशवाले उभे होते. त्यांच्यासमोर ओट्टो वेल्स उठला आणि एसपीडीच्या वतीने विरोधात बोलला. बाजूने ४४४, विरोधात ९४. ते ९४ सगळे एसपीडीचे. बाकी सगळ्या पक्षांनी होकार दिला. १४ जुलैपर्यंत देशात दुसरा पक्ष ठेवणंच बेकायदा झालं होतं.

म्हणून बंदीवाल्यांनी 'मतदारांनी आणला' असं म्हणू नये. दोन तृतीयांश मतदारांनी नाकारलं होतं, दार आतून उघडलं गेलं. आणि बंदीच्या भरवशावर बसणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की १९२३ च्या हिटलरच्या म्युनिकमधल्या फसलेल्या उठावानंतर नाझी पक्षावर बंदी आलेली होती. फेब्रुवारी १९२५ मध्ये तो परत उभा राहिला.

स्पष्टवक्ता_नगर

वेडेबुवा, माझंच म्हणणं सिद्ध केलंत. बंदीने काही झालं नाही.

इतिहासवेडा

सव्वा वर्षात मागे घेतलेल्या बंदीने काही झालं नाही, एवढंच सिद्ध झालं. १९५२ ची बंदी टिकली, आणि तो पक्ष परत आला नाही.

या वादावर दोन मोठे कायदेपंडित भांडून गेलेत. हान्स केल्सेन १९३२ मध्ये म्हणाला की लोकशाहीने बहुमताविरुद्ध हुकूमशाहीचा आधार घेऊन जगू नये. जहाज बुडालं तरी आपल्या झेंड्याशी इमान ठेवायचं. पुढच्याच वर्षी त्याला कोलोनच्या विद्यापीठातून काढलं. कार्ल लोव्हेनश्टाइनने परागंदा होऊन अमेरिकेतून १९३७ मध्ये उलट लिहिलं, की लोकशाहीने लढाऊ व्हायला हवं, शत्रूला आपलीच शस्त्रं हातात देऊ नयेत. दोघंही ज्यू घरातले, दोघांचीही नोकरी आणि देश गेला. तरी निष्कर्ष वेगळे. माझं मन लोव्हेनश्टाइनकडे झुकतं, पण केल्सेन वाचला की झोप लागत नाही.

बेधडक_बबन

हे सगळं ठीक, पण आपल्याकडच्या पक्षांना हीच फूटपट्टी लावा बघू. सुरुवात मी करतो...

संपादक_मंडळ

बबन यांच्या प्रतिसादाचा पुढचा भाग आणि त्यावरची अकरा उत्तरं काढली आहेत. भारतातल्या पक्षांवर भांडायला इतर धागे आहेत. इथे युरोपपुरतं बोला. व्यक्तिगत शेरे नकोत.

जुना_वकील

संपादकांची परवानगी गृहीत धरून एक भारतीय धागा जोडतो, तो पक्षाचा नाही, घटनेचा आहे. जर्मन घटनेत कलम ७९(३) आहे, त्याला अनंतकाळाचं कलम म्हणतात. मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाहीची मूळ तत्त्वं कितीही बहुमत असलं तरी बदलता येत नाहीत. १९६५ मध्ये डीट्रिश कॉनराड नावाच्या जर्मन अभ्यासकाने बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अंगभूत मर्यादांवर व्याख्यान दिलं. तो विचार पुढे गोलकनाथ खटल्यात वकिलांनी न्यायालयासमोर मांडला आणि २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा अशा मताने आपल्याकडे 'मूलभूत चौकट', म्हणजे संसदेलाही बदलता न येणारा घटनेचा गाभा, आली. त्या निकालाचा अभ्यास करताना मी तरुण होतो, आणि सात विरुद्ध सहा हे आकडे वाचून छातीत धस्स झालं होतं. एका मताने वाचलं.

म्हणजे नगरकर, मालक मतदारच आहे. पण आजच्या मालकाला उद्याच्या मालकाचं घर विकता येत नाही.

अनघा_अँटवर्प

बेल्जियमचा अनुभव सांगते. इथे फ्लाम्स ब्लोक नावाचा अतिउजवा पक्ष होता. १९८९ पासून बाकी पक्षांनी ठरवलं की त्यांच्यासोबत सरकार करायचं नाही. एप्रिल २००४ मध्ये गेंटच्या अपील कोर्टाने पक्षाशी जोडलेल्या संस्थांना वंशद्वेषाच्या कायद्याखाली दोषी ठरवलं. त्यांनी काय केलं? नोव्हेंबरमध्ये पक्ष विसर्जित केला आणि फ्लाम्स बेलांग नावाने नवा काढला. आद्याक्षरं तीच, माणसं तीच. पाटी रंगवणाऱ्याचं तेवढं काम वाढलं.

माझी डच मैत्रीण सीमेपलीकडून वेगळं सांगते. तिकडे कडव्या उजव्या खेर्ट विल्डर्सच्या पक्षाला नोव्हेंबर २०२३ मध्ये ३७ जागा मिळाल्या, सगळ्यांत जास्त. त्या पक्षाचा सभासद एकच, स्वतः विल्डर्स! पक्षांतर्गत निवडणूक वगैरे प्रश्नच नाही. त्यांना सरकारात घेतलं, आणि गेल्या महिन्यात आश्रयाच्या धोरणावरून त्यांनीच पाठिंबा काढला, सरकार पडलं. मैत्रीण म्हणते, सत्तेत आले तेव्हा लोकांना कळलं की ओरडणं वेगळं आणि कारभार वेगळा. मला मात्र हा प्रयोग परवडणारा वाटत नाही. दीड वर्षात न्यायालयं आणि वृत्तसंस्था खिळखिळ्या करता येतात.

पश्या

एकसदस्यीय पक्ष! आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना कळवू नका, त्यांना कल्पना आवडेल.

जुना_वकील

अनघाताई, जर्मनीत नाव बदलून सुटका नाही. बंदीबरोबर पर्यायी संघटना काढण्यावरही बंदी येते, आणि त्या पक्षाच्या खासदारांच्या जागा जातात. म्हणूनच तिथे पुराव्याची पट्टी इतकी उंच आहे.

तुम्हाला ग्रीसही आठवत असेल. २०१३ मध्ये पावलोस फिसास या गायकाचा खून झाला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये कोर्टाने गोल्डन डॉन या नवनाझी पक्षाच्या नेतृत्वाला गुन्हेगारी संघटना चालवल्याबद्दल दोषी ठरवलं. तिथे विचारांवर खटला नव्हता, सुऱ्यांवर होता. ते सोपं असतं. एएफडीचा प्रश्न अवघड आहे, कारण सुरा दिसत नाही.

खवय्या_अरुण

अवांतर: थ्युरिंगियाचा विषय निघाला आणि तिथल्या ब्राटवुर्स्टचा (भाजलेल्या सॉसेजचा) उल्लेख नाही? १४०४ सालच्या आर्नश्टाटच्या हिशेबाच्या कागदात त्याची नोंद आहे. इल्मेनाउला जाणाऱ्या मुलाला सांगा, स्टेशनाबाहेर कोळशावर भाजलेला खायचा, मोहरी लावून. शाकाहारी असेल तर बटाट्याचे क्लोस, आपल्या उकडीच्या गोळ्यांसारखे.

रेवतीची_आई

अरुणभाऊ, तो अंडंही खात नाही हो. पण बटाटा चालेल. जीव जरा हलका झाला.

निळी_शाई

मला तात्त्विक चर्चेपेक्षा एक साधा प्रश्न पडलाय. सालेकाठच्या ताई, त्या शेजारच्या आजींशी तुम्ही याबद्दल बोललात का? त्या काय म्हणतात? सगळा धागा त्यांच्या मताबद्दल आहे आणि त्या एकट्याच इथे नाहीत.

सालेकाठची | १३ जुलै २०२५

निळी_शाई, तुमचा प्रतिसाद वाचला त्या रात्री खूप वेळ जागी होते. काल धीर करून त्यांचं दार वाजवलं. चहा झाला आणि मी सरळ विचारलं, तुमच्या पक्षावर बंदी आली तर काय वाटेल?

त्या उठल्या, टेबलावरचा वर्तमानपत्राचा तुकडा घेतला, मधोमध घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, हे आमचं मतदान होतं. पूर्व जर्मनीत एकच यादी असायची. कागद घ्यायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा. लोक म्हणायचेच, 'घडी घालायला चाललो'. पडद्यामागे गेलं की नाव टिपलं जायचं. मे १९८९ मध्ये सरकारने ९८.८५ टक्के मतं पडली म्हणून सांगितलं. १८ मार्च १९९० ला मी आयुष्यात पहिल्यांदा पडद्यामागे गेले, बेचाळीस वर्षांची होते. पेन्सिल हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. आणि पुढच्या वर्षी काचेच्या कारखान्यातून काढलं. पश्चिमेकडचे आले, आमची यंत्रं, आमची डिग्री, सगळं भंगारात काढलं. तीस वर्षं कुणी विचारलं नाही. आता मी कुणाला मत द्यायचं ते कार्ल्सरूहचे लाल झगेवाले सांगणार? परत घडीच घालायची का?

माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. नगरकर, तुमचं 'मालक' आठवलं.

मग मी म्हटलं, आजी, तुमच्या पक्षाच्या सभेत जी जनता म्हणतात तिच्यात मी आहे का? त्या पटकन म्हणाल्या, तुझ्याबद्दल नाही गं ते, तू वेगळी आहेस. मी म्हटलं, तुम्ही मला ओळखता म्हणून मी वेगळी. समोरच्या इमारतीतले लोक मला ओळखत नाहीत. त्यांच्यासाठी मी कोण? माझा हक्क तुमच्या ओळखीवर टांगलेला का असावा? तुमचं मत तर मी न ओळखता मोजलं, एकेक करून. तुमचाही कागद त्या ढिगात असेल.

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, तू मोजत होतीस? हे त्यांना माहीतच नव्हतं.

माझं म्हणणं आता असं आहे. मला न्यायालय हवंय ते आजींना गप्प करायला नव्हे. गुप्तचर खात्याचा अहवाल अकराशे पानांचा आहे, त्यावर आजींचा विश्वास नाही, आणि ज्या बाईने उभं आयुष्य श्टाझीच्या (पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या) देशात काढलं तिचा का असावा? कार्ल्सरूहला पुरावा उघड मांडावा लागेल, खबरे बाजूला काढावे लागतील, पक्षाच्या वकिलांना प्रत्येक ओळीवर उलटतपासणी करता येईल. जर्मन नागरिकांत फरक करायचा त्यांचा इरादा आहे की नाही, ते तिथे स्पष्ट होईल. नसेल तर पक्षाने उजळ माथ्याने राहावं आणि मी हे इथे मान्य करीन. असेल तर आजींनाही ते कळलं पाहिजे. श्टुटगार्टकर काकांचं म्हणणंही मनात ठेवलंय. कारखान्याचं दुःख कुठल्याही निकालाने भरून येणार नाही, ते वेगळं ऐकावं लागेल, आणि ते मी काल पहिल्यांदा ऐकलं. अकरा वर्षं त्याच जिन्यात राहून.

आज सकाळी दारावर वाडगा होता, त्यांच्या बागेतली योहानिसबेरी, लाल, करवंदासारखी आंबट. चिठ्ठी नव्हती. त्यांचं मत बदललं असं मी समजत नाही.

रेवतीची आई, तुम्हाला आधी उत्तर द्यायला हवं होतं, माफ करा. पाठवा त्याला. खोटं सांगणार नाही, ट्राममध्ये मला दोनदा ऐकून घ्यावं लागलंय आणि रात्री उशिरा ठराविक रस्ते मी टाळते. याच येनातून एनएसयू या नवनाझी दहशतवादी टोळीचे तिघे निघाले होते, दहा खून केले त्यांनी, हे गाव ते विसरलेलं नाही. पण जानेवारी २०२४ मध्ये अतिउजव्यांविरुद्ध लोक रस्त्यावर आले तेव्हा थंडीत बोटं बधिर होईपर्यंत उभे राहिलेले माझे सहकारीही इथलेच. विद्यापीठाजवळ खोली मिळाली तर घ्यायला सांगा. जर्मन आत्तापासून शिकायला सांगा, पहिल्या दिवसापासून बोलला तर निम्मी दारं उघडतात. मला व्यक्तिगत निरोपात त्याचं नाव आणि येण्याची तारीख कळवा. एरफुर्टला गाडी बदलून इकडे येता येतं. पहिल्या रविवारी जेवायला माझ्याकडे. येताना पाव किलो गोडा मसाला तेवढा पाठवा.

रेवतीची_आई

निरोप पाठवलाय. मसाला अर्धा किलो देते, त्यातला थोडा त्या आजींना द्या.